दोन अर्ध्यांचा पासवर्ड

दिनांक: जून २००५, कॉलेज उघडल्यानंतरचा पहिला सोमवार. स्थळ: वसमत, आमच्या कॉलेजची संगणक खोली.

हजर: संस्थेचे सचिव. प्राचार्य. नांदेडहून बोलावलेला सर्व्हर दुरुस्तीचा माणूस. शिपाई रशीदभाई. कार्यालय अधीक्षक म्हणून मी. आणि सर.

गैरहजर: वीज. भारनियमनाच्या तक्त्याप्रमाणे ती दुपारपर्यंत येणार नव्हती. इन्व्हर्टर मधूनमधून वाजत होता.

इन्व्हर्टरवर तीनच गोष्टी चालत: सर्व्हर, एक मॉनिटर आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पंखा चालत नसे. पंखा जोडावा म्हणून मी दोनदा लेखी टिपण दिलं होतं. दोन्ही वेळा सरांनी समासात लिहून परत पाठवलं, "घाम पुसता येतो. छापायचं राहिलं तर राहूनच जातं." त्यामुळे त्या सोमवारी आम्ही सहाही जण घामाने निथळत उभे होतो.

प्रश्न एका नोकरीचा होता. प्रयोगशाळा सहायकाची जागा भरायची होती. शनिवारी परीक्षा झाली, ती संगणकावरच. सोमवारी सगळ्या उमेदवारांना बोलावलं होतं. पहिल्या तिघांची नावं वाचून दाखवायची आणि लगेच मुलाखती घ्यायच्या, असं ठरलं होतं. तोवर निकाल लावू नका, आधी मला सांगा, असा सचिवांचा निरोप होता. त्याप्रमाणे सरांनी शनिवारीच निकाल त्यांना तोंडी सांगितला. पहिली आली होती कविता राठोड, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या तांड्यावरची, आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. सचिवांच्या साडूचा मुलगा सातवा होता.

आणि आता सचिव म्हणत होते, "गुणांमध्ये थोडी चूक दिसून राहिली. दुरुस्त करून घ्या."

दुरुस्ती करायची तर सर्व्हर उघडायला हवा होता. आमचा सर्व्हर उघडायला दोन माणसं लागत.

हे समजायचं तर सर समजायला हवेत. कॉलेजात प्राध्यापक बरेच होते, पण नाव न घेता कुणी 'सर' म्हटलं की तेच समजायचं. हट्टा गावचे होते. रोज जीपने येत आणि जीपमध्ये बसायला जागा असली तरी मागे लटकून येत. आत बसलं की दार कोण लावतो ते दिसत नाही, म्हणत. कॉलेजात संगणक आले तेव्हा ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कंत्राटी होते. संगणकाच्या कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारं आणि आतून कुणालाही वाचता येणारं मोफत सॉफ्टवेअर, चढवलं, आणि पुढे सगळं कॉलेज त्याच्यावर आलं: प्रवेश, लायब्ररी, पगारपत्रक.

तेव्हाचे प्राचार्य एका सभेत कौतुकाने म्हणाले, "सरांनी संस्थेला फुकटात सर्व्हर उभा करून दिला."

सर मागच्या रांगेतून उठले. "फुकट म्हणू नका. उघडं म्हणा. फुकट तर सत्काराचा नारळ बी असतो. तो आतून कसा निघंल ते सांगता येत न्हाई. हे उघडून बघता येतंय."

उघडं हा त्यांचा शब्द होता. डब्यावरचं झाकण, कपाटाचं दार, प्राचार्यांची केबिन, काहीही बंद दिसलं की त्यांना चैन पडत नसे. सर्व्हरची पेटीसुद्धा त्यांनी एका बाजूने पत्रा काढून ठेवलेली होती. आत पाल शिरेल, असं मी म्हटलं. "शिरली तर दिसंल," ते म्हणाले.

सर्व्हरच्या मालकाला रूट म्हणतात. रूट म्हणून आत गेलेल्या माणसाला काहीही करता येतं: फाईल बदलता येते, पुसता येते, आणि पुसल्याची खूणही पुसता येते. सरांना या शेवटच्या गोष्टीची धास्ती होती. म्हणून त्यांनी प्रिंटर जोडला. सर्व्हरमध्ये ज्यावरून उद्या भांडण होऊ शकतं असं काहीही घडलं की त्याची एक ओळ तिथल्या तिथे कागदावर उमटायची. कोण आत आला, त्याने काय लिहिलं, कोणत्या परीक्षेत कुणाला किती गुण पडले. सर्व्हरमधलं पुसता येईल, कागदावरचं कसं पुसणार? प्रिंटर करकरायला लागला की बाजूच्या आमच्या कार्यालयात सगळ्यांची मान वर व्हायची. रोज संध्याकाळी सर तो कागद फाडत आणि व्हरांड्यातल्या सूचना फलकावर टाचत. इंग्रजी अक्षरं, आकडे, तिरप्या रेघा. कुणाला काही कळत नसे. एकदा त्या कागदाखाली मराठीत लिहिलेलं होतं, "काल लायब्ररीची निम्मी यादी माझ्या हातून पुसली गेली. शनिवारी काढून ठेवलेल्या प्रतीवरून परत आणली. चूक माझी." खाली सही.

प्राचार्य चिडले. "घरातलं असं चव्हाट्यावर मांडता काहून?"

"चव्हाट्यावर असलं की लवकर मिटतंय," सर म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एक सवय लावून घेतली. संगणकाला द्यायची आज्ञा लिहून झाली की दोन्ही हात मांडीवर. मग ती ओळ मोठ्याने वाचायची. मग शेजारच्याला विचारायचं, "हरकत?" समोरच्याने "नाही" म्हटल्यावरच एंटर. शेजारचा म्हणजे बहुधा मी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं मी सांगितलंही. ते म्हणाले, "तुमाला कळायची गरज न्हाई. मला ऐकू यायची गरज हाय."

आमचं दोघांचं मुळीच जमत नसे. प्रिंटरच्या कागदाची खोकी मी मंजूर करायची, आणि खोकी इतक्या लवकर संपत की प्रत्येक मागणीवर मी शेरा मारी. ते शेऱ्यावर शेरा मारून परत पाठवत. शेवटी मी अट घातली की रोजचा कागद फलकावर जाण्याआधी माझी सही घ्यायची, म्हणजे किती पानं गेली ते मला कळेल. त्यांनी ती अट आनंदाने मान्य केली, याचाच मला जास्त राग आला.

आणि एके दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, रूटचा पासवर्ड दोन तुकड्यांचा करून राहिलो. अर्धा माझा, अर्धा तुमचा. एकट्याला मालक करायचं न्हाई, मला बी न्हाई."

"मलाच का? प्राध्यापक आहेत ना एवढे."

"त्यांचं माझं जमतं. ज्या दोघांचं जमतं त्यांच्याकडं दोन अर्धे द्यायचे न्हाईत. चहा पिता पिता दोनाचा एक होतो. तुमचं माझं जमत न्हाई. बराबर हाय ना?"

"अगदी बरोबर आहे," मी म्हटलं.

तेव्हापासून हा रिवाज पडला. रूट उघडायचं असलं की आधी सर आपला अर्धा टाइप करत, मी भिंतीकडे तोंड करून उभी. मग ते उठून भिंतीकडे तोंड करत आणि मी माझा टाइप करी. येणारे-जाणारे हसत. रशीदभाई म्हणायचे, "नमाज पढते क्या दोनों बारी बारी से?" शिकलेल्या एका पाहुण्याने सरांना विचारलं, "अहो, सीडी घालून सर्व्हर सुरू केला तर पासवर्ड लागतच नाही. मग हे कशाला?" सर म्हणाले, "चोराला सीडी पुरते. हे कुलूप आपल्या माणसांसाठी हाय."

तर त्या सोमवारी सचिव म्हणाले, दुरुस्त करून घ्या. आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

मला वाटलं, ते आता भांडतील. भाषण करतील. उघडं-झाकलेलं काढतील. पण ते खुर्चीवर बसले, आपला अर्धा टाइप केला, उठले आणि व्हरांड्याच्या दाराशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नेहमीसारखे. हात मागे बांधलेले.

आता खोलीत फक्त इन्व्हर्टर वाजत होता, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते.

मला दोन गोष्टी माहीत होत्या. एक, माझी अधीक्षकाची जागा अजून कायम झालेली नव्हती आणि तिची फाईल सचिवांच्या टेबलावर होती. दुसरी गोष्ट शनिवारच्या संध्याकाळची. शनिवारच्या कागदावर मी सही केली होती. परीक्षा म्हणजे भांडणाचंच काम, त्यामुळे प्रत्येक उमेदवाराचा क्रमांक आणि त्यापुढे गुण, अशा ओळी त्यात होत्या. निकाल म्हणून सरांनी काही लावलं नव्हतं, सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. फक्त रोजचा कागद रोजच्या जागी टाचला होता. सचिव सकाळी त्याच्या पुढूनच आत आले होते.

हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. सरांची पाठ माझ्याकडे होती आणि ते वळत नव्हते.

"बसा की, मॅडम," सचिव म्हणाले. आवाज गोड होता. "पोरं बाहेर ताटकळून राहिलेत."

मी खुर्चीवर बसले. मांडीवर हात ठेवले. हे मी मुद्दाम केलं नाही, सवयीने झालं.

"साहेब," मी म्हटलं, "दुरुस्ती कुणाच्या गुणांत, किती, आणि कशावरून, एवढं लेखी द्या. आवक क्रमांक टाकते आणि लगेच उघडते."

"लेखी कशाला? मी समोर हाय की."

"माझ्याकडे रजिस्टरला एक रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही."

प्राचार्य घसा साफ करत म्हणाले, "मॅडम, साहेब सांगून राहिले ना. आपल्या घरचंच काम हाय."

"घरचं असलं तरी रकाना आहे."

सचिव माझ्या खुर्चीजवळ आले. मग म्हणाले, "तुमची फाईल माझ्याकडंच हाय न्हाई का?"

"हो."

"बघायची राहून गेली बघा."

माझे हात मांडीवरच होते. सचिवांनी तोंड फिरवलं आणि नांदेडच्या माणसाला विचारलं, "ह्यांच्याशिवाय होत न्हाई का?"

तो तरुण होता, कामाचा होता, आणि या भानगडीत आपण कुठे आलो असा त्याचा चेहरा झाला होता. "होतं, साहेब. सीडी टाकून चालू करावा लागंल. पाच-दहा मिनिटांचं काम."

"मग करा."

"सीडी गाडीत हाय. आणतो."

तो बाहेर पडला. सर त्याला वाट द्यायला एक पाऊल सरकले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मी खिडकीतून पाहत होते. व्हरांड्यातल्या बाकावर उमेदवार बसलेले होते. कविता बाकावर नव्हती. ती फलकासमोर उभी राहून शनिवारचा कागद वाचत होती. तीन वर्षं ती हेच करत आलेली होती. पहिल्या वर्षाला असताना ती ते एका कागदावर उतरवून घ्यायची आणि तास संपला की सरांना विचारायची, ही तिरपी रेघ काहून, ती बारीक उभी रेघ काहून. सर तिला कधीही नीट उत्तर देत नसत. "उद्याच्या कागदावर बघ," म्हणत. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट ते तिच्यासाठी सोपी करून रूटमधून चालवत, म्हणजे ती छापली जाई. त्यात किती पानं गेली ते मला माहीत आहे.

नांदेडचा माणूस गाडीकडे जाताजाता फलकाशी थांबला. कुणीही आपल्या धंद्याची अक्षरं पाहून थांबेल तसा. वाचायला लागला. मग तिला म्हणाला, "तुम्हाला कळतं हे?"

"व्हय."

"हे काय हाय?"

"परवाची परीक्षा. चार नंबरची उमेदवार मीच हाय."

तो आणखी थोडा वेळ वाचत राहिला. मग गाडीकडे न जाता परत आत आला. सीडी न आणता.

"साहेब," तो म्हणाला, "बदलायला काही अडचण न्हाई. पण गुण बाहेर लागलेले हायेत. शनिवारपासून."

"कुठं?"

"फलकावर. सही-शिक्क्यानिशी."

सचिवांनी आधी सरांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सही माझी होती. ते तरातरा बाहेर गेले, आम्ही दारापर्यंत गेलो. त्यांनी फलकावर नजर फिरवली, वरून खाली, खालून वर. त्यांना काही सापडेना. एवढ्या वर्षांत त्या कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

शेवटी त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "कुठं लिहिलंय?"

कविताने बोट ठेवलं. "हे चार. त्याच्यापुढं गुण. असंच खाली एक एक." बोट सावकाश खाली आलं. ती कुणाचं नाव घेत नव्हती, फक्त क्रमांक आणि गुण वाचत होती. एव्हाना बाकावरचे सगळे उठून मागे उभे राहिले होते. एकाने आपला क्रमांक ऐकून खिशातून प्रवेशपत्र काढून पाहिलं. साडूचा मुलगा बाकावर एकटाच बसून राहिला.

"रशीद," सचिव मागे न वळता म्हणाले, "हा कागद काढ."

रशीदभाई पुढे झाले, फलकापाशी थांबले, म्हणाले, "निकालता साब. पर ये लोगां का पढना हो जाने दो. आधे में कैसा निकालूं?"

कुणी हसलं नाही. कविताचं बोट अजून कागदावर होतं. सचिवांनी तिच्याकडे पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच.

"बराबर," ते म्हणाले, आणि प्राचार्यांच्या केबिनकडे चालू लागले. मुलाखती झाल्या. कविताची नेमणूक झाली. सर्व्हरमधला एकही आकडा त्या दिवशी बदलला नाही आणि प्रिंटर त्या दिवशी एकदाही वाजला नाही.

दुपारी वीज आली तेव्हा मी सरांना गाठलं. मला फार राग आलेला होता.

"तुमचा अर्धा तुम्ही टाइप केलाच का? नाही म्हणायचं होतं सरळ."

"मी न्हाई म्हटलं असतं तर माझं-त्यांचं भांडण झालं असतं. तुमाला कुणी विचारलंच नसतं."

"मग?"

"मग तुमचा अर्धा हाय कशाला?"

"आणि मी टाइप केला असता तर?"

ते विचारात पडले. खरंच पडले, नाटक नव्हतं. "तर प्रिंटर वाजला असता," ते म्हणाले. "आणि उद्या तुमालाच त्याच्यावर सही करावी लागली असती."

तो राग माझा अजून गेलेला नाही.

वर्षअखेरीला सरांचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. कारण कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. माझी फाईल मात्र दोन महिन्यांत सही होऊन आली, ते का, हे मला आजही सांगता येत नाही. सरांच्या कार्यभाराची यादी मीच केली. सर्व्हर, सीड्या, शनिवारच्या प्रती, प्रिंटर, फिती, किल्ल्या. एकेक वस्तू कविताच्या ताब्यात दिली, मी खूण करत गेले. एकच ओळ उरली: रूटचा अर्धा.

"कविताला द्या," मी म्हटलं.

"तिचं-तुमचं जमतं. परवा तिनं तुमाला घरची हळद आणून दिली, मी बघितलं." मग त्यांनी विचारलं, "ह्या संस्थेत तुमचं कुणाशी जमत न्हाई?"

"खरं सांगू?"

"त्याच्यासाठीच विचारून राहिलो."

"साहेबांशी."

सर उठले आणि सचिवांच्या खोलीत गेले. दार त्यांनी अर्थातच उघडं ठेवलं. सचिवांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगताना मला दिसले. सचिवांचा चेहरा आधी चिडलेला, मग गोंधळलेला, मग जरा फुगलेला. अर्ध्या सर्व्हरचे मालक झाले होते. सर बाहेर आले, माझ्या यादीवर स्वतःच्या हाताने खूण केली आणि जीपच्या मागे लटकून हट्ट्याला गेले.

ते इतक्या वर्षांत परत आलेले नाहीत. व्यवस्था मात्र चालू राहिली. डिस्क भरली, नवीन वर्षाचे विद्यार्थी चढवायचे असले, काही जुनं काढून नवं घालायचं असलं की कविता मला सांगते आणि मी सचिवांना फोन लावते. सुरुवातीला ते वैतागत येत. बसत, टाइप करत, भिंतीकडे तोंड करत. नंतर नंतर येताना फरसाण आणायला लागले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेले. ते कविताला विचारायला लागले, "आज कागदावर काय आलं गं?" आणि ती वाचून दाखवायला लागली.

गेल्या आठवड्यात त्यांचा गुडघा दुखत होता. चहा पिताना ते म्हणाले, "मॅडम, मी सारखा सारखा येऊन राहिलो. तकलीफ होते. तुमचा अर्धा मला सांगून ठेवा, न्हाईतर माझा तुमी घ्या. आता तुमच्या-माझ्यात काय उरलंय?"

मी हसले. आणि माझ्या लक्षात आलं की मला ते वावगं वाटलं नव्हतं. माझ्या अर्ध्याचा निम्मा शब्द ओठावर आलेला होता. समोर कविताने आज्ञा लिहून हात मांडीवर ठेवले होते आणि आमच्याकडे पाहत विचारत होती, "हरकत?"

"आहे," मी म्हटलं. तिने ती ओळ पुसली. सचिव नवलाने पाहत राहिले. त्यांना कारण सांगायचं मी टाळलं आणि गुडघ्याला शेक द्यायला सांगितलं.

त्या दिवसाच्या कामांच्या यादीत मी शेवटची ओळ लिहिली: दुसऱ्या अर्ध्यासाठी नवा माणूस शोधणे. माझं ज्याच्याशी जमत नाही असा. वरच्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या आहेत. कार्यालयातले, प्राध्यापक, ग्रंथपाल, नवे प्राचार्य, सगळी नावं मी एकेक करून तपासली; सगळ्यांशीच माझं जमतं. आता कुणाशी तरी भांडण काढायला हवं. ते अजून झालेलं नाही.